वारावरची मुलगी

सोमवारी दाते, मंगळवारी पाटणकर, बुधवारी कुलकर्णी, गुरुवारी शेखबाई, आणि पुढच्या वारांची घरं सोयीप्रमाणे बदलत राहायची. दिल्लीत शिकायला राहिले ती पहिली वर्षं मी अशी जेवले. माझी मुलगी हे ऐकते तेव्हा हसते. म्हणते, आई, व्हॉट अ सिस्टम. दिल्लीत जन्मलेली पोर, तिला वाटतं मी डब्याच्या एखाद्या स्कीमबद्दल बोलतेय. वार लावून जेवणं म्हणजे काय हे तिला समजावताना मला स्वतःलाच कळत नाही, की त्याचं कौतुक करावं की कपाळावर हात मारून घ्यावा. पन्नाशीला टेकले तरी दोन्ही करावंसं वाटतं.

ही व्यवस्था दाते काकांची. लक्ष्मीबाई नगरात त्यांचं तळमजल्यावरचं सरकारी क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि मागे हातभर अंगण. काका मिनिस्ट्रीत मोठ्या हुद्द्यावर होते, पण वडील लहानपणीच गेल्यामुळे पुण्यात वार लावून शिकलेले. तेव्हा गरीब मुलं अशीच शिकायची. आठवड्याचा एकेक वार एकेका घराने वाटून घ्यायचा, त्या दिवशी मुलाने तिथे जेवायचं, उरलेल्या वेळात अभ्यास करायचा. काकांना त्या सगळ्या घरांची जेवणं तोंडपाठ होती. बुधवारच्या घरी ताक पातळ, पण वाढणाऱ्या बाईंचा हात सढळ. शनिवारच्या घरी आजोबा श्लोक म्हणायला लावायचे, चुकलं तर तूप नाही. हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. "सात घरांनी मला माणूस केलं, मंगल," ते म्हणायचे, "तुलाही करतील." इतका सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

मंगल म्हणजे मी. आमचं गाव लातूरकडचं, भूकंपात गेलं. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दरवर्षी पावसाआधी त्यावर मातीचा नवा थर द्यायचा. पणज्यापासून थर चढत आलेले, घर उन्हाळ्यात असं गार की पाहुणे उठायचे नाहीत. तेच सगळ्यांच्या अंगावर आलं. आई, बाबा, धाकटे दोघे. मी चुलतीबरोबर शेतातल्या कोपीत, पाल्याच्या झोपडीत, राखणीला झोपायला गेले होते म्हणून उरले. माझ्या चुलत्याने, आप्पांनी, हातांनी माती उपसून चौघांना बाहेर काढलं. त्यांच्या बोटांची नखं गेली होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते जे बोलले त्यासाठी कोणी त्यांना नावं ठेवू नयेत.

मग ट्रक यायला लागले. जुने कपडे, बिस्किटं आणि पानिपतची ब्लँकेटं. जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून विणलेली ती खरखरीत ब्लँकेटं, देशात कुठेही काही कोसळलं की तिथे पोचतात. आमच्या शाळेचे मास्तर एक ब्लँकेट अंगावर घेत म्हणाले, "घ्या, आपलं पानिपत झालं ते झालं, वर पांघरूणही तिथलंच." बायका रडता रडता हसल्या. तसल्याच एका ट्रकबरोबर दिल्लीच्या मराठी मंडळाची माणसं आली, त्यात दाते काका. शाळा पडली होती, मास्तरांपैकी दोघे गेले होते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये जो वर्ग सुरू झाला तो फक्त लहानांचा. मी आठवी झालेली, मला वर्गच नव्हता. मी चिंचेखाली बारक्या पोरांकडून पाढे म्हणून घेत होते. काका उभे राहून ऐकत होते. मग ते आप्पांकडे गेले आणि म्हणाले, हिला मी शिकवतो.

आप्पा विचारात पडले. तेव्हा शेडमध्ये लग्नांवर लग्नं लागत होती. ज्यांच्या बायका गेल्या असे पुरुष आणि ज्यांची घरं गेली अशा पोरी, दोघांनाही कोणीतरी हवंच होतं. माझ्यासाठीही एकाची विचारणा झाली होती. बायको आणि दोन लेकरं गेलेला, तिशीच्या पुढचा. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे भाकरी थापायला कोणी नव्हतं इतकंच. आप्पा काकांना म्हणाले, "शाळा चालू हाय तवर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. शाळा थांबली की मी येऊन नेणार. मग लगीन." काका म्हणाले, बिल्कुल. माझ्यासाठी ती शर्त अगदी साफ होती. दिल्लीत शाळा चालू राहिली तर मी वाचले, नाहीतर शेड आणि चूल.

आता त्या घरांबद्दल सांगते. जेवायला बसताना मी आधी दार कुठे आहे ते बघायची, मग वर बघायची. पाटणकरांच्या छताला जिथे पंखा होता तिथे एक चीर होती. कुलकर्ण्यांच्या छताला ओल येऊन पोपडे धरले होते. राहायची मी दात्यांकडे. त्यांचं छत चांगलं होतं, पण मी त्याखाली झोपलेच नाही. मागच्या अंगणात खाट टाकून झोपायची, थंडीत सुद्धा, वर प्लास्टिक ताणून. काकू बिचाऱ्या मधेच उठून बघून जायच्या. छताची ओळख व्हायला रोज त्याच्याखाली बसावं लागतं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. मला एवढंच कळायचं की एका घरात घास उतरायला लागतो न लागतो तोच दुसऱ्या दिवशी दुसरं दार, दुसरी चटई, दुसरा पंखा, आणि छाती पुन्हा पहिल्यापासून धडधडायला लागायची. जिचं एक घर पडलं तिला या लोकांनी सात घरं दिली होती. चांगुलपणाने दिली होती. जीव नकोसा व्हायचा.

आणि गोड. देवा, ते गोड. प्रत्येक घराला आठवड्यातून माझा एकच दिवस मिळायचा, त्यामुळे प्रत्येकीला वाटायचं आपल्या वारी काहीतरी बरं करावं. सोमवारी शिरा, मंगळवारी पाटणकर काकूंची पुरणपोळी, बुधवारी बासुंदी. त्यांच्या दृष्टीने आठवड्यातून एकदा, माझ्या पानात रोजच. घरातली चार माणसं जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी रोज सणासारखं जेवत होते. "खा गं, लाजू नकोस, आपलंच घर समज," म्हणत काकू तुपाची धार धरायच्या. मी खायची. मग मागच्या गल्लीत जाऊन ओकायची. हे कोणाला कळलं नाही, कारण आजची काकू उद्याच्या काकूला भेटायची नाही.

गुरुवार तेवढा वेगळा. शेखबाई मूळच्या सोलापूरच्या, काकांच्याच मिनिस्ट्रीत स्टेनो. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आर. के. पुरमला एका खोलीच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. वार वाटताना एकीने नाक मुरडलं होतं, तेव्हा काका म्हणाले होते, मराठी आहेत ना, मग झालं. बाईंचा स्वयंपाक यथातथाच. आमटी कधी करपलेली, कधी नुसतं पाणी. पण ज्वारीची कडक भाकरी असायची आणि गोड कधीच नसायचं. पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला ताट घ्यायला लावलं, आणि जेवण झाल्यावर म्हणाल्या, "भांडी घास आता. मी दिवसभर टाइप करते, माझी बोटं दुखतात." बाकी सगळीकडे मी पाहुणी, कपबशी उचलली तरी हातातून काढून घ्यायचे. इथे मी कढई खरवडत बसले आणि गावाहून आल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं. त्या फार बोलायच्या नाहीत. बोलल्या तर ऑफिसातल्या साहेबांना शिव्या द्यायच्या. मी खुदकन हसले की म्हणायच्या, हसू नकोस, घास.

शाळा मात्र मला आवडली, कारण ती तंबूत होती. आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण राजधानीत तेव्हा कितीतरी सरकारी शाळा तंबूत भरायच्या. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं, आंधी आली की दोऱ्या धरून उभं राहायचं. बाकी मुली कुरकुर करायच्या, मी स्वर्गात होते. कापड अंगावर पडलं तर पडलं, झटकून उठता येतं. हिंदी माध्यम, मला धड हिंदी बोलता येईना, पण गणिताला भाषा लागत नाही. आमच्या तंबूच्या मागच्या रांगेला मॅडम "कैंप" म्हणायच्या, कारण तिथे काश्मिरातून निघून आलेल्या, छावणीत राहणाऱ्या मुली बसायच्या, काबूलहून आलेल्या दोघी सरदारणी बहिणी होत्या, आणि मी. शेजारच्या नीरजाने पहिल्या दिवशी मला विचारलं, "तेरा घर जला या गिरा?"

"गिरा," मी म्हणाले. "तेरा?"

"हमारा तो बंद है. चाबी मम्मी के पास है." मग ती म्हणाली, "तेरा अच्छा है यार. पता तो है कि नहीं है."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या आईने ती किल्ली कमरेला बांधून ठेवली होती आणि छावणीत पाण्याच्या रांगेत उभी राहतानाही काढत नव्हती. त्या मागच्या रांगेत आम्ही एकमेकींना आणखी काही विचारलं नाही. भूगोल शिकवताना मॅडमनी नकाशा उलगडला की आम्ही सगळ्या वह्यांत तोंड घालायचो.

नववी निघाली. दहावीचं वर्ष सुरू झालं आणि माझे वार फाटायला लागले. दोष कोणाचाच नव्हता. सरकारी नोकरीतली माणसं एकदम इकडेतिकडे बघायला लागली होती. परदेशी कंपन्या येत होत्या, पाटणकर काकांनी मिनिस्ट्री सोडली, आणि लगोलग क्वार्टरही. यमुनेपलीकडे पटपडगंजला सोसायटीत फ्लॅट घेतला, लिफ्टवाला, पाचव्या मजल्यावर. वास्तुशांतीला मला नेलं. मी जिन्यात बसून राहिले, काकू तिथे ताट घेऊन आल्या. "मंगळवार आमचाच हं," त्या जाताना म्हणाल्या, आणि खरंच त्यांच्या मनात होतं. पण जमनापारला जायला दोन बसा, शाळा सुटून तिथे पोचेपर्यंत दिवे लागायचे. मग कुलकर्णी गुडगावला गेले. कंपनीची गाडी, केबल टीव्ही, मुलीला इंग्रजी शाळा. जो तो येऊन काकांना सांगायचा की दुसरी सोय होईपर्यंत सांभाळून घ्या. दाते काकू मला त्या दिवशी पण घरीच जेव म्हणायच्या, पण त्यांना दम्याचा त्रास होता, आणि मी म्हणायची की मी पाटणकरांकडे जाऊन आले. चणे खाऊन अंगणात बसायची. उपाशी राहणं मला त्या परक्या दारांपेक्षा सोपं वाटत होतं.

त्यातच शाळेची इमारत झाली. पक्की, तीन मजली, मंत्र्यांनी फीत कापली, मुलींनी टाळ्या वाजवल्या. बोर्डाचा वर्ग म्हणून दहावीला मान देऊन वरचा मजला दिला. मी पायऱ्यांपाशी उभीच राहिले. मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी मला दाराजवळचा बाक दिला, पण मान वर करून मी छताकडेच बघत बसायची, फळा दिसायचाच नाही. शिपाई वरच्या गच्चीत टाकी सरकवायचा, आवाज झाला की मी जिन्यात असायची. पोरी हसायच्या. नीरजा हसायची नाही. ती माझं दप्तर खाली घेऊन यायची.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. केंद्र दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर, आणि बाक खोलीच्या मधोमध. दाते काका मला सोडायला आले होते. त्यांनी मला दही-साखर खायला घातली आणि म्हणाले, "मी मॅट्रिकला बसलो तेव्हा माझी सातही घरं दारात उभी होती." पहिला पेपर गणिताचा, माझा सगळ्यात आवडता. पेपर हातात आला, मला सगळं येत होतं. हे मला आजही सगळ्यात जास्त छळतं, की मला सगळं येत होतं. वरच्या वर्गात कोणीतरी बाक ओढला असेल. डोक्यावरून तो घरघर आवाज गेला आणि मी उठले. बाई ओरडल्या, "बैठो, एक बार बाहर गई तो अंदर नहीं आने देंगे." मला ऐकू येत होतं. पाय माझे नव्हते. रस्त्यावर आले तेव्हा पेन हातातच होतं. पुढच्या पेपरांना तर मी जिनाच चढू शकले नाही. काका फाटकाशी उभे राहून विनवत होते, "मंगल, बाळ, थोडाच वेळ आहे गं," आणि मी भिंतीला पाठ लावून रडत होते. एकाच विषयात गेले असते तर दिल्लीत म्हणतात तसं कंपार्टमेंट आलं असतं, म्हणजे तेवढ्याच विषयाची फेरपरीक्षा. मी सरळ नापास झाले.

काकांनी आप्पांना कळवलं. न कळवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कळवताना त्यांनी हेही लिहिलं की आपण आता निवृत्त होतोय, क्वार्टर सोडावं लागेल, पुण्याचं घर मुलाचं आणि सुनेचं, तिथे आम्ही दोघंच कसेबसे मावू. ते खरंच होतं. 

आप्पा एका रविवारी आले. धोतर, टोपी, हातात पिशवी, दोन दिवसांच्या गाडीने सुजलेले पाय. काकांनी सगळी घरं बोलावली होती, पटपडगंजहून, गुडगावहून, सगळे आले, मुलांना घरी ठेवून. पाटणकर काकू मला कुशीत घेऊन रडल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेखबाई दाराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. आप्पा सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "तुमचे लई उपकार झाले. पोर शिकंना, त्याला तुमी काय करणार."

इथे काकांना राहवलं नाही. मुलगी हुशार आहे, फक्त घाबरली, आणखी एक वर्ष द्या, असं ते सांगायला लागले, आणि सांगता सांगता वारांवर आले. ही सगळी घरं बघा, म्हणाले, प्रत्येकाने एकेक वार सांभाळलाय हिचा. मी स्वतः असाच शिकलो. त्यांच्या आवाजात तो अभिमान होता, आणि मी मनात म्हणत होते, काका, गप बसा, काका, हे सांगू नका.

आप्पांना आधी समजलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. समजलं तेव्हा ते उठून उभे राहिले.

"म्हंजी ही एका घरी जेवत नव्हती?"

"नाही, तेच तर सांगतोय. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी..."

"आमच्या भावाची लेक दारोदार भाकर खात हिंडायली?" आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सायेब, आमच्यात भाकर मागून खानाऱ्याला काय म्हनत्यात, ठावं हाय का तुमाला? गाव मातीत गेलं तरी मी कुणाच्या दारी गेलो नाही. रांगेत हुबा ऱ्हायलो, ती सरकारची रांग व्हती. आन् ही सात दारी?"

काकांचा चेहरा मी विसरले नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीची पूजा केली तिला समोरचा माणूस भीक म्हणत होता. ते खाली बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. आणि मला दोघांचीही लाज वाटत नव्हती, दोघांचीही दया येत होती, आणि मला स्वतःला ओरडावंसं वाटत होतं की आप्पा, तुम्हाला एका क्षणात कळलं ते मला दोन वर्षं सांगता आलं नाही.

काकूंनी पाणी दिलं. आप्पा प्यायले. मग जरा मऊ आवाजात ते म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मला बी ठावं हाय. तुमच्यातल्या एकानं म्हना, हिचं एक घर माझं. सगळे वार. मी उद्याच माघारी जातो, पुन्यांदा लग्नाचं नाव काडनार नाही. पन एक घर."

 पाटणकर काका आपल्या हातातल्या किल्ल्यांकडे बघायला लागले. पाटणकर काकू म्हणाल्या, आमच्याकडे सासूबाई येऊन राहणार आहेत हो, नाहीतर. कुलकर्णी म्हणाले, मुलीची खोली लहान आहे, आणि ती चिडचिडी झालीय हल्ली. त्यांच्यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं. आठवड्यातला एक दिवस प्रत्येकाने मनापासून दिला असता, जन्मभर दिला असता. सगळे दिवस द्यायला कोणाकडेच जागा नव्हती. मी भिंतीशी उभी होते आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कुत्रं बघतं तशी बघत होते, खोटं कशाला बोलू.

"मी नेते," उंबऱ्यावरून शेखबाई म्हणाल्या.

सगळे वळले. बाई उठल्या नाहीत. "मयूर विहारला फ्लॅटचा नंबर लागलाय माझा. दोन खोल्या आहेत. वरचा मजला आहे, हिला त्रास होईल, होऊ दे. आणि उपकार नाही करत मी. भाजी आणायला, बोलायला मला पण कोणीतरी लागतं."

आप्पांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, तुमचं आडनाव?"

"शेख."

आप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले, मग हळूच खाली आले. आणि आता त्याच खोलीत सगळ्यांना वाचा फुटली. तसं नको, त्या चांगल्याच आहेत, पण जग काय म्हणेल, मुलीचं पुढे लग्न करायचंय, आपण आणखी विचार करू, आमच्याकडे बघतो काहीतरी. दाते काका एकदम म्हणाले, "बघतो म्हणजे कधी?" आणि पाटणकर काका पुन्हा किल्ल्यांकडे बघायला लागले. मघाशी खाली बसल्यापासून दाते काका तेवढं एकच वाक्य बोलले, त्यासाठी त्यांना माझे शंभर नमस्कार.

आप्पा माझ्याकडे वळले. "चल. कपडे घे."

मी म्हणाले, "आप्पा, मला शाळा शिकायची हाय." गावाकडचं बोलणं कितीतरी दिवसांनी तोंडात आलं होतं. "तुमीच म्हनलाव, एक घर. त्यांनी दिलं की."

"मंगे, ते घर आपल्यातलं न्हाई."

"आपल्यातलं कुठलं ऱ्हायलंय, आप्पा?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं मारतील. त्यांनी कधीच मारलं नव्हतं, तेव्हाही नाही. म्हणाले, "मग मी असं समजतो, त्या राती तूबी गेलीस. गावात बी तसंच सांगीन. पुन्हा तिकडं येऊ नगंस." मग सगळ्यांना हात जोडून, काकू जेवायला थांबा म्हणत असताना, पिशवी उचलून ते बाहेर पडले. काका त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. मी पाठीमागून धावले नाही. शेखबाई म्हणाल्या, कपडे घे तुझे, बस चुकेल.

पुढच्या मार्चमध्ये मी परीक्षेला बसले, आणि बसून राहिले. कशी, ते विचारू नका. खालचा ओठ चावून रक्त आलं होतं, उत्तरपत्रिकेवर डाग पडले होते. काठावर पास झाले. आजही मी हॉटेलात दाराजवळचं टेबल मागते आणि मुलगी वैतागते, यातून मी काही बाहेर पडलेले नाही.

गावाला मात्र गेले नाही. आप्पा वारल्याचं सुद्धा मला नंतर कळलं. चुलतीने कोणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि एका दुपारी फोन केला. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या रडलो. मग मी विचारलं, आप्पा माझं नाव काढायचे का कधी. म्हणाली, नाही. मग म्हणाली, दिल्लीहून माघारी आले त्या वर्षीच्या पित्राला त्यांनी तुमच्या घरची चार पानं वाढली, आणि पाचवं आणखी एक मांडायला लावलं. चुलती सांगत राहिली, मी म्हनलं, आवो, पोर जिती हाय, असं करू नये. ऐकलं न्हाईत. त्या पानावर तुला आवडायची ती शेंगाची पोळी वाढायला लावली, आन् मग त्या पानाम्होरनं उठंचनात. कावळा शिवला, लोकं जेवून गेली, तरी बसूनच.